बूढापारा ते पॅरिस : विवेकानंदांचे फ्रेंच

रायपूरच्या बूढातलावात, पाण्याच्या मधोमध, स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा उभा आहे. तलावालाही त्यांचेच नाव मिळाले आहे आणि शहराचा विमानतळ २०१२ पासून त्याच नावाने ओळखला जातो. स्वामीजी म्हटले की आपल्या मनात शिकागो येते, आणि शिकागो म्हटले की इंग्रजी वक्तृत्व. परंतु या महापुरुषाने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमारास फ्रेंच भाषेची मुळाक्षरे गिरवावयास घेतली, ती सोडून न देता सदतिसाव्या वर्षी थेट पॅरिसमध्ये जाऊन तिचा पाठ पुरा केला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. या कथेचा आरंभ ज्या बालकापासून होतो तो काही काळ आपल्या बूढापाऱ्यात राहत होता, आणि त्याला फ्रेंचची दीक्षा देणारा गुरू अस्सल मराठी माणूस होता. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी विषय शोधताना आम्हांला याहून जवळचा विषय सापडला नाही.

नरेंद्रनाथांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी कलकत्त्यास झाला. वडील विश्वनाथ दत्त हे कलकत्त्याच्या हायकोर्टातले ॲटर्नी. कामानिमित्त १८७७ साली त्यांना रायपुरास येऊन राहावे लागले आणि काही काळाने कुटुंबही मागून निघाले. नरेंद्र तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन शाळेत शिकत होता. बंगालकडून रायपुरास येणारी रेल्वे अजून व्हायची होती. अलाहाबाद व जबलपूरमार्गे आगगाडीचा प्रवास संपला की पुढे पंधरवड्याहून अधिक काळ बैलगाडीची वाट, तीही रानावनातून. याच वाटेवर एका डोंगराच्या कपारीत लोंबणारे प्रचंड मधाचे पोळे पाहून मुलाचे भान हरपले, ही कथा सर्व चरित्रांत आहे.

रायपुरात त्याच्या इयत्तेला साजेशी शाळा नव्हती, असे चरित्रकार लिहितात. त्यामुळे सुमारे दोन वर्षे बाप हीच त्याची शाळा झाली. विश्वनाथबाबू बहुश्रुत, फारसी जाणणारे, खाण्यापिण्याचे व गाण्याचे शौकीन. घरी येणाऱ्या विद्वान मंडळींच्या बैठकीत ते मुलाला बसू देत, वाद घालू देत, आणि त्याने मोठ्यांस निरुत्तर केले तर मनातून सुखावत. बुद्धिबळ त्याने येथेच आत्मसात केले. पाकक्रियाही वडिलांकडून येथेच शिकला, आणि तिचा उपयोग पुढे त्याने सातासमुद्रापार केला. आम्हांला मात्र या दोन वर्षांविषयी आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. घरात बंगाली, वडिलांच्या कागदपत्रांत इंग्रजी, बाजारात हिंदी व छत्तीसगढी, आणि भोसल्यांच्या अमदानीपासून येथे स्थायिक झालेल्या घराण्यांच्या ओसरीवर मराठी, अशा गावात हा मुलगा ऐन कोवळ्या वयात वाढला. आपले घर सोडून चार कोस गेले की आपली भाषा संपते आणि तरीही माणसाशी बोलावेच लागते, हा धडा परप्रांती राहिलेल्या मुलाला पुस्तकाशिवाय मिळतो. आपल्या मंडळाच्या घराघरांतून हा अनुभव आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने आम्ही जी काही भाषांची शिदोरी जमवली, ती भाजीबाजारात आणि रेल्वेच्या डब्यातच.

बूढापाऱ्यातील डे भवनाशी दत्त कुटुंबाच्या वास्तव्याची आठवण जोडलेली आहे. त्या घराचे मालक भूतनाथ डे हे रायपूरचे नामांकित वकील. स्थानिक परंपरा असे सांगते की कलकत्त्याकडून निघालेल्या त्या बैलगाड्यांच्या काफिल्यात भूतनाथबाबूंचे कुटुंबही होते आणि त्यांच्या पत्नीच्या मांडीवर काही महिन्यांचे मूल होते. ते मूल म्हणजे हरिनाथ डे. त्याचा जन्म ऑगस्ट १८७७ चा. हरिनाथाचे शालेय शिक्षण रायपुरात झाले, पुढे कलकत्त्याचे प्रेसिडेन्सी कॉलेज, तेथून केंब्रिजचे क्राइस्ट्स कॉलेज, आणि मग युरोप खंडातील विद्यापीठे. हा पुरुष चौतीस भाषा जाणत होता, असे सांगितले जाते. १९०७ मध्ये कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचा तो पहिला भारतीय ग्रंथपाल झाला आणि १९११ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, विषमज्वराने गेला. एकाच बैलगाडीच्या वाटेने एकाच गल्लीत आलेल्या दोघा मुलांनी पुढे पश्चिमेच्या भाषा मुळातून हस्तगत कराव्यात, हा योगायोग विलक्षण खरा. हरिनाथांवर स्वतंत्र लेख व्हावयास हवा. येथे एवढेच पुरे.

१८७९ साली दत्त कुटुंब परत गेले. नरेंद्राने बुडालेला अभ्यास भरून काढून एन्ट्रन्स परीक्षा पहिल्या वर्गात दिली. प्रेसिडेन्सी कॉलेजात काही काळ, नंतर जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचे उच्च शिक्षण झाले आणि १८८४ साली तो बी. ए. झाला. आम्हीही बी. ए.च आहोत, परंतु त्या काळच्या त्या पदवीचे वजन निराळे होते. स्पेन्सर, मिल, ह्यूम यांचे ग्रंथ त्याने पचवले. स्पेन्सरच्या शिक्षणविषयक पुस्तकाचे बंगाली भाषांतरही केले. कोंत हा फ्रेंच तत्त्वज्ञ तेव्हा बंगालच्या सुशिक्षितांत फार गाजत होता. तो वाचावयाचा, पण इंग्रजी भाषांतरातून. युरोप म्हणजे इंग्लंड, आणि युरोपचे ज्ञान म्हणजे इंग्रजांनी आपल्या ओंजळीतून जेवढे पाजले तेवढे, ही त्या पिढीची मर्यादा होती. त्या मर्यादेची जाणीव नरेंद्राला कलकत्त्यात झाली नाही. ती करून देणारा माणूस समुद्रकिनाऱ्यावरच्या एका काठेवाडी संस्थानात बसला होता.

वडिलांचे अकाली निधन, श्रीरामकृष्णांचा सहवास, १८८६ मधील त्यांचे महानिर्वाण, वराहनगरचा मठ, आणि मग हातात दंड-कमंडलू घेऊन भारतभर भ्रमंती, हा भाग सर्वश्रुत आहे. या भ्रमंतीत १८९१-९२ च्या सुमारास स्वामी पोरबंदरास पोहोचले. संस्थानचा कारभार तेव्हा शंकर पांडुरंग पंडित यांच्या हाती होता.

शंकर पांडुरंग हे नाव आज मराठी घरांतूनही विस्मृतीत जावे, याचे आम्हांला वाईट वाटते. १८४० चा जन्म, सावंतवाडीकडचे सारस्वत घराणे, सरकारी नोकरीत ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या हुद्द्यापर्यंत चढलेला हा माणूस. मुंबई संस्कृत ग्रंथमालेत त्यांनी रघुवंश, मालविकाग्निमित्र, विक्रमोर्वशीय ही कालिदासाची पुस्तके संपादली, वाक्पतीचे गौडवहो हे प्राकृत काव्य उजेडात आणले. इंदुप्रकाश छापखान्यात निघालेल्या तुकारामांच्या गाथेमागेही त्यांची देखरेख होती. १८७६ पासून सहा वर्षे त्यांनी वेदार्थयत्न हे मासिक चालवले. त्यात ऋग्वेद मराठी व इंग्रजी अशा दोन्ही अर्थांसह छापला जाई. १८७४ साली लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेस ते उपस्थित होते. संस्कृत विदुषी पंडिता क्षमा राव या त्यांच्या कन्या.

शंकर पांडुरंगांना इंग्रजीखेरीज फ्रेंच आणि जर्मन येत होते, आणि ते शौकापायी नव्हे. वेदांवर काम करणाऱ्याला राथ व बोथलिंक यांचा जर्मन कोश टाळता येत नव्हता. बौद्ध धर्माच्या इतिहासाकडे वळावे तर १८४४ साली पॅरिसमध्ये छापलेला ब्युर्नूफचा ग्रंथ दारात उभा. आपल्याच वेदांविषयी, आपल्याच बुद्धाविषयी परक्यांनी काय ठरवले आहे, हे जाणून घ्यावयाचे तर ज्या भाषेत त्यांनी ठरवले ती भाषा यावयास हवी. लंडनच्या परिषदेत बसून आलेल्या माणसाला हे अनुभवाने कळले होते. मराठी कारभारी दिवसा संस्थानाचे दप्तर पाहत आणि उरलेला वेळ अथर्ववेदाच्या सायणभाष्यासह संपादनात घालवीत. त्या घरी हा भगव्या वस्त्रांतला तरुण बंगाली येऊन राहिला, आणि वेदांतील अवघड स्थळांच्या चर्चेत यजमानाच्या बरोबरीने बसू लागला. पाणिनीवरील महाभाष्याचा आपला अभ्यासही त्याने येथेच पुढे नेला.

पाहुण्याची बुद्धी पारखून यजमानाने त्याला दोन सल्ले दिले. पहिला असा की, आपल्या लोकांना तुमच्या विचारांचे मोल लवकर कळणार नाही, तुम्ही पश्चिमेकडे जावे. दुसरा असा की, फ्रेंच शिकावे. पुढे उपयोगी पडेल. पहिल्या सल्ल्याचे श्रेय अनेकांच्या नावे जमा आहे. दुसरा सल्ला मात्र केवळ शंकर पांडुरंगांचा. स्वामींनी तो तत्काळ मानला आणि पोरबंदरातच फ्रेंचचा अभ्यास सुरू केला. त्यांचे गुरुबंधू अशी आठवण सांगत की, एके दिवशी मठात एक लांबलचक पत्र येऊन पडले, ते कोणालाच वाचता येईना. जाणकाराकडे नेल्यावर कळले की पत्र फ्रेंच भाषेत आहे आणि लिहिणारा आपला नरेंद्र आहे. संन्याशाच्या अंगातले खोडकर पोर जागे असल्याची ही खूण. नवी भाषा थोडीशी हाती आली की ती घरच्यांवर चालवून पाहण्याचा मोह कोणाला होत नाही?

अर्थात पुस्तकातून शिकलेले फ्रेंच आणि कानावर पडणारे फ्रेंच यांत मोठे अंतर. या भाषेत लिहिलेली निम्मी अक्षरे उच्चारावयाची नसतात, आणि एका शब्दाचे शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला चिकटते. आम्ही तरुणपणी संध्याकाळच्या एका वर्गात सहा महिने ही भाषा गिरवली होती. क्रियापदांचे तक्ते बिनचूक पाठ होते, पण एकदा एक फ्रेंच प्रवासी भेटला तेव्हा त्याच्या तोंडून निघालेल्या प्रवाहात आमच्या ओळखीचे एकही क्रियापद वाहत आलेले दिसले नाही. त्यासाठी त्या माणसांतच जाऊन राहावे लागते.

स्वामींना तशी संधी मिळायला आठ वर्षे जावी लागली. मधल्या काळाविषयी थोडक्यात सांगतो. १८९२ मध्ये मुंबईहून पुण्यास येताना त्यांची लोकमान्य टिळकांशी गाडीत गाठ पडली आणि विंचूरकर वाड्यात टिळकांकडे ते काही दिवस राहिले. नंतर कोल्हापूर, आणि बेळगावात भाटे वकिलांचे मराठी घर, मग गोवे. ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून बोट सुटली आणि ११ सप्टेंबरला शिकागो झाले. शंकर पांडुरंग १८९४ साली वारले. आपल्या पहिल्या सल्ल्याचे फळ त्यांच्या हयातीत आले, दुसऱ्याचे मात्र नाही. १८९५ मध्ये स्वामी प्रथम पॅरिसला गेले, तेही लेगेट या अमेरिकन स्नेह्याच्या लग्नाच्या निमित्ताने. थोडे दिवस शहर पाहिले आणि ते लंडनला निघून गेले.

खरी कसोटी १९०० सालची. त्या वर्षी पॅरिसमध्ये जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले होते. शास्त्रज्ञांच्या, कलावंतांच्या, पंडितांच्या परिषदा एकामागून एक चालल्या होत्या. पदार्थविज्ञानाच्या परिषदेत जगदीशचंद्र बसूंनी भारताचे नाव गाजवले, आणि ते पाहून स्वामींचा ऊर भरून आला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात धर्मेतिहासाची परिषद होती. ही शिकागोच्या धर्मसभेसारखी उत्सवी सभा नव्हती. कोणता धर्म श्रेष्ठ हा प्रश्न तेथे निघावयाचाच नव्हता. धर्मांच्या आचारांची, ग्रंथांची, चिन्हांची इतिहासाच्या सुरीने चिकित्सा व्हावयाची होती. शिकागोस वक्तृत्व पुरले. येथे विद्वत्ता लागणार होती, आणि तीही अशा मंडळींपुढे ज्यांची सभेची भाषा मुख्यतः फ्रेंच होती.

३ ऑगस्टला स्वामी पॅरिसमध्ये उतरले. प्रथम लेगेट दांपत्याच्या आलिशान घरी मुक्काम झाला. तेथे युरोपातील नामवंतांची रोज वर्दळ होती, सुखसोयींची रेलचेल होती, आणि इंग्रजीवर सहज निभावून जात होते. नेमके तेच त्यांना नको होते. थोड्याच दिवसांत ते तेथून निघून झ्यूल ब्वा नावाच्या लेखकाच्या साध्या बिऱ्हाडी जाऊन राहिले. रू गाझां या रस्त्यावर, माँसूरी उद्यानाजवळ, ते घर होते. ब्वा यांना इंग्रजी बोलता येत नव्हते. सकाळच्या चहापासून रात्रीच्या गप्पांपर्यंत जे काही हवे ते फ्रेंचमधून मागायचे, जे मत असेल ते फ्रेंचमधून मांडायचे, नाही तर गप्प बसायचे.

या निर्णयाचे मोल वाचकांनी ध्यानात घ्यावे. ज्याच्या एकेका इंग्रजी वाक्याने अमेरिकेतील सभागृहे डोलली, त्याने सदतिसाव्या वर्षी पुन्हा बोबडे बोलणारा विद्यार्थी व्हावयाचे पत्करले. प्रकृती ढासळलेली होती. मधुमेह आणि दमा यांनी शरीर पोखरले होते. पुढे दोन वर्षेही आयुष्य उरले नव्हते, आणि शेवट जवळ आल्याची चाहूल त्यांना होती. अशा माणसाने विश्रांती घेतली असती तर कोणी नावे ठेवली नसती. पण शंकर पांडुरंगांच्या घरी जे बीज पडले होते ते असे की, आपल्याविषयी निर्णय जिथे होतात तिथल्या भाषेत आपण मुके राहून चालणार नाही.

परिषदेत ओपर्ट नावाच्या जर्मन पंडिताने शिवलिंग आणि शालिग्राम यांविषयी निबंध वाचला. दोन्ही चिन्हे स्त्री-पुरुषांच्या जननेंद्रियांच्या पूजेतून आली, असे त्याचे प्रतिपादन होते. आपल्या देवघरातील दोन्ही देवांचा निकाल असा एका बैठकीत लागत होता. प्रकृतीमुळे स्वामींना परिषदेच्या फार थोड्या बैठकांना जाता आले, योजिलेला निबंधही लिहून झाला नाही; परंतु या बैठकीस ते हजर होते आणि उत्तरास उभे राहिले. शिवलिंगाचे मूळ त्यांनी अथर्ववेदातील स्कंभसूक्तात, यज्ञाच्या यूपस्तंभात दाखविले. शालिग्रामाचा संबंध बौद्धांच्या अस्थिधातू ठेवलेल्या स्तूपांशी जोडला. दुसऱ्या वेळी बोलताना त्यांनी भारतातील धर्मविचाराचा विकास सांगितला, आणि आपल्या नाट्यापासून ज्योतिषापर्यंत सर्व काही ग्रीकांकडून आले या युरोपीय समजुतीचा समाचार घेतला. त्यांच्या सर्व उपपत्ती आजच्या संशोधकांना मान्य होतील असे नाही. पण ज्या अथर्ववेदाचा आधार त्यांनी तेथे घेतला, त्याच्या सायणभाष्यासह आवृत्तीचे काम ज्या घरी चालले होते तेथे ते स्वतः राहिले होते. ती आवृत्ती मुंबईस १८९५ ते १८९८ या काळात, शंकर पांडुरंगांच्या मागे, छापून पुरी झाली. पॅरिसच्या त्या सभागृहात पोरबंदरच्या मराठी कारभाऱ्याची सावली पडली होती, असे आम्ही म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

परिषद संपली, पण फ्रेंच संपले नाही. ब्वा यांच्या घरची पुस्तके, तेथली शांतता, आणि नेहमीच्या व्यापांपासून सुटका, यांत स्वामी मनापासून रमले. त्या महिन्यांत लिहिलेली त्यांची काही पत्रे मुळात फ्रेंच भाषेत आहेत; स्नेही मंडळींना ती आवर्जून त्याच भाषेत धाडली गेली. सारा बर्नार्ड ही नटी आणि एमा काल्वे ही गायिका यांच्याशी त्यांचे संभाषण झाले, माजी कॅथॉलिक धर्मगुरू लोयसाँ यांच्याशी धर्मचर्चा रंगली. सप्टेंबरात ब्रिटनी प्रांतात जाऊन समुद्रकाठची खेडी पाहिली, मों-सें-मिशेलचा मठ पाहिला. भाषेच्या दाराने ते त्या लोकांच्या घरात शिरले, आणि पॅरिस ही केवळ विलासनगरी अशी जी समजूत इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे आली होती ती त्यांनी पार झटकून टाकली. फ्रेंचांची कला, विद्या, स्वातंत्र्याची ओढ यांची त्यांनी मुक्तकंठाने स्तुती केली.

ती स्तुती त्यांनी कोणत्या भाषेत केली? बंगालीत. आम्हांला या कथेतील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. १८९९ साली सुरू झालेल्या उद्बोधन या बंगाली पत्रासाठी त्यांनी परदेशातून मजकूर धाडला. पॅरिसच्या परिषदेचा वृत्तान्तही असाच लिहून पाठवला, आणि परिव्राजक या नावाने पुढे पुस्तकरूप झालेले प्रवासवर्णनही. त्यातील बंगाली घरात, ओसरीवर बोलावे तसे चालते, थट्टामस्करीने भरलेले आहे. त्या काळच्या पंडिती बंगालीपुढे हे धाडसच होते. दिवसभर फ्रेंच बोलणाऱ्या माणसाची मातृभाषा अधिक मोकळी, अधिक ताजी झाली. मुलाला परकी भाषा नीट आली की त्याचे मराठी बिघडते, अशी भीती बाळगणाऱ्या पालकांनी परिव्राजक एकदा चाळावे. त्याचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे. त्याच १९०० सालच्या जानेवारीत आपल्या रायपुराशी निगडित असलेल्या माधवराव सप्रे यांनी पेंड्रा येथून छत्तीसगढ मित्र हे हिंदी मासिक सुरू केले होते, आणि त्यांची मातृभाषा मराठी होती, हेही येथे आठवते. बूढापाऱ्यातली सप्रे शाळा रोज पाहणाऱ्यांना त्याचा विसर पडू नये.

२४ ऑक्टोबरला ओरिएंट एक्स्प्रेसने स्वामींनी पॅरिस सोडले. बरोबर काल्वे, ब्वा, लोयसाँ पतिपत्नी आणि अमेरिकन भक्त मिस मॅक्लाउड होत्या. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स आणि कैरो असा प्रवास झाला. डब्यातली, बोटीतली भाषा बहुतांशी फ्रेंचच. कैरोत मात्र त्यांचे चित्त एकाएकी उडाले. पुढचा बेत रद्द करून त्यांनी एकट्यानेच मुंबईची बोट धरली. डिसेंबरच्या आरंभी ते मुंबईस उतरले आणि कोणासही तार न करता कलकत्त्याची गाडी पकडली.

९ डिसेंबर १९०० च्या रात्री ते बेलूर मठाच्या फाटकाशी आले, तेव्हा अंगावर युरोपीय पोशाख होता आणि फाटकाला कुलूप होते. आत मंडळी जेवावयास बसली होती. कोणी साहेब आला आहे, असे सांगत माळी किल्ली आणावयास धावला. तोवर साहेबाने भिंतीवरून उडी घेतली आणि पंगतीच्या दिशेने पावले टाकली. गुरुबंधूंनी ओळखताच एकच कल्लोळ झाला. त्या रात्री मठात खिचडी केली होती. कित्येक महिन्यांनी ती पानात पडताच स्वामींनी ती पोटभर, मिटक्या मारीत खाल्ली, आणि मग अपरात्रीपर्यंत सर्वांना परदेशच्या गोष्टी सांगत बसले, आपल्या बंगालीत.